खिद्रापूरचं आभाळ

खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात गेलेला माणूस स्वर्गमंडपातल्या गोल शिळेवर उभा राहतो आणि मान वर करतो. छत मधोमध उघडं, भोवती बारा खांबांचं कडं, वर नुसतं आभाळ. डिसेंबरात मीही तेच केलं. खांबांवरची नक्षी हुकू नये म्हणून उजेड मोजायचा मीटर सावलीतल्या दगडावर धरला आणि इल्फर्ड एचपी ५ या ब्लॅक-अँड-व्हाइट रोलचा शेवटचा फोटो काढला. येताना नरसोबाच्या वाडीला थांबून कवठाची बर्फी घेतली. ती दोन दिवसांत संपली. त्या एका फोटोचा प्रिंट काढायला मात्र जुलै उजाडला.

रोल मीच धुतला. डी-७६ डेव्हलपर, पाणी निम्मं-निम्मं, २० अंशांवर ११ मिनिटं. निगेटिव्ह दिव्यासमोर धरली तर दगड झकास, पण आभाळाच्या जागी डांबरासारखा काळा गोळा. म्हणजे कागदावर तिथे कोरा पांढरा ठिपका. छतात खिडकी नाही, भोक पडल्यासारखं दिसणार.

आमची डार्करूम म्हणजे मागचं न्हाणीघर. खिडकीला काळं कापड, बादलीवर फळी, फळीवर तीन ट्रे. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारं यंत्र, पेठेतल्या एका बंद पडणाऱ्या स्टुडिओतून उचलला. तिथल्या काकांनी तो देताना एकच गोष्ट तीनदा सांगितली, "पोरी, हायपोचा हात डेव्हलपरात घालू नकोस." हायपो म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, ते डेव्हलपर नासवतं. मी तसा हात पहिल्याच दिवशी घातला. डेव्हलपर ओतून दिला, दुसरा कालवला, आणि ट्रेगणिक वेगळा चिमटा ठेवला.

कोल्हापुरात, आमच्या गावात, खरी कॉर्नरला बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. या माणसानं घरचा कॅमेरा बनवून १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. मला त्याच गावात आज कागदाचं पाकीट मिळत नाही, मुंबईहून मागवावं लागतं. म्हणून उजेडाचा अंदाज घ्यायची टेस्ट स्ट्रिप बोटभर रुंदीची कापते.

एन्लार्जरची लेन्स एफ ८ वर ठेवून तीन-तीन सेकंदांच्या पट्ट्या पाडल्या. बारा सेकंदांना खांब बरोबर आले. आभाळ कोरंच. मग पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडलं, बाकी कागद झाकून फक्त गोलावर आणखी वीस सेकंद उजेड सोडला. काही नाही. चाळीस सेकंद दिले, तर गोलाच्या कडेला काळपट कडं उमटलं आणि मधलं आभाळ तसंच. पुठ्ठा हलवत राहायचा असतो. माझा हात भीतीनं एकाच जागी गोठला होता.

तिसऱ्या रात्री सुचलं. खांब आधीच्याच फिल्टरवर घ्यायचे, आभाळासाठी मात्र सगळ्यात मऊ, ००चा फिल्टर लावायचा. मल्टिग्रेड कागदावर काळ्या-पांढऱ्यातला फरक फिल्टरनं कमी-जास्त होतो, मऊ फिल्टरनं दाट भागातही करडा रंग लवकर धरतो. बारा सेकंद झाले, फिल्टर बदलला, पुठ्ठा धरला, मोजायला लागले आणि बाविसाव्या सेकंदाला लाईट गेली.

काळोखात मी गप उभी. एन्लार्जरचं बटण चालूच राहिलंय, हे लक्षात यायच्या आत लाईट आली, दिवा आपोआप पेटला आणि पुठ्ठा बाजूला ठेवलेला. सगळा प्रिंट काजळी. दाराबाहेरून आई, "अजून किती वेळ कोंडून घेणार हाईस? मला पाय धुवायचेत."

चौथ्या रात्री जमलं. डेव्हलपरात आधी पाऊण मिनिट काहीच दिसलं नाही. मग खांबांच्या सावल्या उमटल्या, मागोमाग नक्षी, आणि सगळ्यात शेवटी तो गोल करडा होत गेला, पुसट ढगासकट. तो ढग मी देवळात पाहिल्याचं मला आठवत नाही. कागद लवकर उचलायचा मोह होतो, कारण लाल दिव्यात सगळं आहे त्यापेक्षा गडद वाटतं. दीड मिनिट पुरं होऊ दिलं. डेव्हलपर थांबवणारा स्टॉप, हायपो, मग नळाखाली.

सकाळी तो तारेवर चिमट्यात लटकलेला. आई चष्मा पुसून जवळून बघत होती.

"देऊळ झ्याक आलंय. पण भर दिवसा ही चांदणी कुठनं आली गं?"

निगेटिव्हवर धुळीचा कण राहिला होता, आभाळात बरोबर मधोमध. तो बारीक ब्रशनं शाई लावून भरायचा असतो. अजून भरलेला नाही.