शेवटचा शिक्का

मंगळवार, रात्री

ग्रंथालयातून बाद करायच्या ढिगातलं सर्वांत वरचं पुस्तक उघडलं. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के अर्ध्यापर्यंतच. खाली नुसते कोरे चौकोन. दिवसभर ते डोळ्यांपुढून हलले नाहीत.

शाखेची जागा ठरलेली. नवं आलं की जुन्याने उठायचं, हे कळतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं शेवटचं म्हणतं, ग्रंथालय वाढतच राहतं; तिसरं म्हणतं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. एकाच फळीवर ही दोन्ही कशी पाळायची? वर्षानुवर्षं जपायचं आणि ‘बाद’चा शिक्काही आपणच उठवायचा. हे काम कुणाच्या तरी वाट्याला येतंच, आणि त्याला कसं वाटतं ते कुणी विचारत नाही.

पण चौकोन कोरा म्हणजे वाचक नव्हता, असं थोडंच आहे? शिक्का उठतो तो घरी नेलेल्या पुस्तकावर. टेबलाशी बसून वाचलेलं पुस्तक वाचकाने स्वतःच जागेवर लावलं, की ते वाचल्याची खूणच उरत नाही. म्हणून ‘टेबलावरच राहू द्या’ असं सांगायचं, आणि शाखा बंद करण्याआधी, पुस्तक ग्रंथालयात आलं तेव्हा त्याला मिळालेला दाखल क्रमांक टिपून मगच कपाटात लावायचं. शिवाय देवघेव संगणकावर गेली त्या दिवशी शिक्के थांबले. पुढचा हिशेब बारकोडच्या नावे आहे. आणि कपाटातली जागा ठरवणाऱ्या वर्गांकांपैकी ८९१.४६३ची कादंबरी ८९१.४६२च्या नाटकांत सरकली असेल तर? यादीत ती जागेवरच दिसते, कपाटात मात्र मिळत नाही. एका आकड्यापायी पुस्तक आपल्याच घरात हरवतं. म्हणून बाद यादी करण्याआधी फळीन् फळी क्रमाने तपासायची असते. ती तपासली का, हे विचारायचं राहिलंच.

ते पुस्तक पुन्हा हातात घेतलं. शिवण घट्ट, कडा पिवळ्या, कण्याचं वरचं टोक मात्र उसवलेलं. वरून बोट घालून ओढलं की तिथेच फाटतं. शेजारची दोन्ही पुस्तकं जरा आत ढकलून मधोमध धरावं लागतं. म्हणजे कुणीतरी हे ओढून काढत होतं. एकदा नाही, पुष्कळदा.

उद्या आधी दाखल क्रमांक टाकून संगणकावरची देवघेव बघायची. मग दुसऱ्या शाखांत प्रत आहे का ते. कुठेच नसेल तर हे मुख्य ग्रंथालयात पाठवायचं. असेल, आणि इथे खरंच कुणी मागत नसेल, तर नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहून सोडायचं. तेवढं आता जमेल.