खासगी ठेकेदाराची बस, महापालिकेचं बिल

केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत सोलापूरला 100 इलेक्ट्रिक बस मंजूर आहेत. गाड्या कधी येणार हे सगळेच विचारतात. करारात काय लिहिलंय, हे विचारणारे फार थोडे.

या योजनेत गाडी, ड्रायव्हर आणि देखभाल ठेकेदाराची. मार्ग, वेळापत्रक आणि तिकीट दर महापालिकेच्या हातात. ठेकेदाराला पैसे प्रवाशांवर नव्हे, किलोमीटरवर मिळतात. त्यात केंद्राचा वाटा 12 मीटर बसला किलोमीटरमागे 24 रुपये, 9 मीटरला 22, 7 मीटरला 20, तोही 10 वर्षांपुरता. उरलेला खर्च तिकिटातून, नाहीतर महापालिकेच्या तिजोरीतून.

खरी मेख हमी किलोमीटरमध्ये असते. अशा करारांत बस रोज किमान किती धावेल याची हमी महापालिका देते, आणि महापालिकेच्या बाजूच्या कारणाने बस कमी धावली तर न धावलेल्या किलोमीटरचेही काही पैसे मोजते. समजा हमी 200 किलोमीटरची, दर 60 रुपये आणि न धावलेल्याला निम्मा दर. नवी पेठेतल्या कोंडीत वेळापत्रक कोलमडून बस 140 वरच थांबली, तर उरलेल्या 60 किलोमीटरचे 1,800 रुपये रोज पाण्यात. 100 गाड्यांचे महिन्याला 54 लाख! म्हणून हमीचा आकडा टेंडर काढताना अंदाजाने टाकायचा नसतो. आधी प्रत्येक मार्गावर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत फेरीला किती मिनिटं लागतात ते मोजायचं, मगच आकडा लिहायचा.

दुसरा मुद्दा डेड किलोमीटरचा, म्हणजे डेपो ते पहिला थांबा हा रिकामा प्रवास. शहराबाहेर कुंभारीच्या रे नगरात 30 हजार घरांच्या कामगार वसाहतीचा प्रकल्प आहे. तिथली सकाळची गर्दी शहराकडे येणारी, त्यामुळे डेपोतून निघालेली पहिली गाडी तिथपर्यंत जवळपास रिकामीच जाणार. डिझेलची गाडी रात्री तिथे मुक्कामी ठेवता येते. ई-बस मुख्यतः रात्री चार्ज होते, म्हणजे मुक्कामाला चार्जर हवा. कुंभारीच्या बाजूला चार-सहा चार्जरची जागा आणि वीजजोडणी आताच धरली नाही, तर या रिकाम्या फेऱ्यांचं बिल करार संपेपर्यंत भरावं लागेल.

तिकिटाचे पैसे ठेकेदाराचे असलेल्या करारात महापालिकेची ही डोकेदुखी वाचते, हे खरं. पण मग ठेकेदार रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, सात रस्ता असे भरलेले मार्गच धरतो आणि रे नगरसारख्या वसाहतीतली विडी कामगार बाई शेअर रिक्षाच्या भरवशावर राहते. म्हणून सोलापूरला किलोमीटरचा करारच योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हरच्या पगाराचं कलमही नीट वाचायला हवं. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसच्या ड्रायव्हरांनी पगारवाढीसाठी काम बंद केलं आणि बरेच डेपो अडकले. नोकरी ठेकेदाराची, ताटकळले बेस्टचे प्रवासी. पगार बँकेत जमा झाल्याचा आणि पीएफ भरल्याचा पुरावा जोडल्याशिवाय पुढचं बिल पास होणार नाही, अशी अट घालता येते. मात्र ठेकेदाराचं बिलही वेळेवर निघायला हवं. त्यासाठी तिकिटाची रक्कम आणि अनुदान वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या देण्यासाठीच राखलेल्या बँक खात्यात, जमा व्हावं, महापालिकेच्या इतर देण्यांत मिसळू नये.