रिपोर्ट नॉर्मल, मग आजार कुठे आहे?

मुलाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, असूनही त्याचा एमआरआय नॉर्मल कसा, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. अशा रुग्णाचा एमआरआय होतो, मी रिपोर्टवर ‘मेंदूत दोष आढळला नाही’ असं लिहून सही करते. मग बरोबर आलेलं कुणीतरी हळूच विचारतं, “मॅडम, मेंदूत काही नाही म्हणजे हा नाटक करतोय का?” कुणी उलट टोकाचं विचारतं: मेंदूचा आजार म्हणता ना, मग दाखवा की फिल्मवर!

नाटक नाही, आणि मेंदूत फरक आहे. तो बोट ठेवून दाखवता येत नाही, एवढंच.

१९७६ साली, सीटी स्कॅन नवा असताना, ईव्ह जॉनस्टन आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी बरीच वर्षं आजारी असलेल्या रुग्णांचे स्कॅन तपासले. मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या, म्हणजे व्हेंट्रिकल्स, निरोगी लोकांपेक्षा मोठ्या निघाल्या. २०१६मध्ये दोन हजारांवर रुग्ण आणि अडीच हजारांवर निरोगी लोकांचे एमआरआय एकत्र करून पाहिले, तेव्हाही तेच दिसलं. शिवाय आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस, अमिग्डाला आणि थॅलॅमस हे मेंदूचे भाग सरासरीने लहान होते. सगळ्यात ठळक फरक हिप्पोकॅम्पसचा. तो किती ठळक? एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस अशा शंभर जोड्या लावल्या, तर साधारण त्रेसष्ट जोड्यांत रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान भरेल. उरलेल्या सदतीसमध्ये उलटं. एवढ्यावर मी कुणाच्या कपाळी निदान कसं चिकटवू?

मला स्वतःला सगळ्यात पटलेला पुरावा जुळ्यांचा आहे. १९९०मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात पंधरा एकसारख्या जुळ्या जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला स्किझोफ्रेनिया, दुसरा निरोगी. दोघांचे एमआरआय शेजारी ठेवले, तर पंधरापैकी बारा जोड्यांत आजारी कोण हे नुसत्या नजरेनेच ओळखता आलं. आजारी भावंडाच्या पोकळ्या जुळ्यापेक्षा मोठ्या होत्या, पण कित्येकदा एरवी कुणालाही नॉर्मल वाटाव्यात एवढ्याच. माझी अडचण नेमकी हीच आहे. माणसामाणसांच्या मेंदूत मुळातच इतका फरक असतो, की आजाराचा फरक त्यात हरवून जातो. तुमच्या मुलाला निरोगी जुळा भाऊ असता तर मी कदाचित काही बोलले असते.

आता औषधांचा प्रश्न, कारण तो येतोच. “गोळ्यांनीच मेंदू आकसतो म्हणे?” यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. माकडांना दीड-दोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन, म्हणजे याच आजाराची औषधं, दिली, तेव्हा त्यांच्या मेंदूचं वजन ८ ते ११ टक्के कमी भरलं. पण एकही गोळी न घेतलेल्या, नुकत्याच आजारी पडलेल्या रुग्णांतही फरक सापडतात. म्हणजे खापर एकट्या गोळ्यांवर फोडता येत नाही. बायपोलरमध्ये, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी आणणाऱ्या आजारात, तर लिथियम हे औषध घेणाऱ्यांच्या मेंदूची साल, म्हणजे कॉर्टेक्स, न घेणाऱ्यांपेक्षा कमी पातळ झालेली आढळली आहे. हा परिच्छेद वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या तर मला राग येईल. आजार उलटला की होणारं नुकसान या मिलिमीटरांपेक्षा कितीतरी मोठं असतं.

मग एमआरआय काढतात कशाला? गाठ, मेंदूची सूज, जुना मार यांच्यामुळेही माणसाला भास होऊ शकतात, आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. वागणं अचानक बदललं, सोबत ताप आला, फिट आली, किंवा पहिला झटका उतारवयात आला, तर तपासणी करायलाच हवी. मी फिल्मवर शोधते ते हे. स्किझोफ्रेनियाचं निदान मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाशी आणि तुमच्याशी बोलून करतात, आणि माझ्या रिपोर्टमधल्या त्या एका ओळीने ते खोटं ठरत नाही.