तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लं जगत का नाहीत?

"ताई, गप्पीनं तीस पिल्लं दिली, आठवड्यात चार उरली. हीटर घेऊ का?" जानेवारीत हा प्रश्न हमखास येतो. मे महिन्यात तोच येतो, फक्त हीटरच्या जागी बर्फ असतो. दादरच्या गॅलरीत मी बरीच वर्षं मासे वाढवतेय, म्हणून लोकांना वाटतं हिला माहीत असणार.

बर्फाचं आधी सांगते, कारण तो गाढवपणा मी स्वतः केलाय. एका मे महिन्यात दुपारी पाणी ३४ अंशांवर गेलं. पिल्लं वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागली, आणि मी फ्रीजमधला बर्फाचा अख्खा ट्रे ओतला. संध्याकाळी सगळी तळाशी. उन्हाळ्यात ती तग धरून होती हो, मारली ती मी. माशाचं अंग पाण्याबरोबरच तापतं नि गार होतं, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या जिवाला त्यासाठी वेळच लागत नाही.

ती वर का आली होती? २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. गरज मात्र वाढलेली असते, कारण पाणी दहा अंशांनी तापलं की माशाच्या शरीराचा कारभार जवळपास दुप्पट वेगानं चालतो. म्हणजे दुकानात माल कमी आणि गिऱ्हाईक दुप्पट. त्यात आपण मायेनं चिमूटभर जास्त खाणं टाकतो. ते कुजतं, अमोनिया होतो, आणि गरम पाण्यात तो अधिक विषारी ठरतो.

मुंबईची थंडी ती काय, पण पाच लिटरचं भांडं उघड्या गॅलरीत रात्रभर गारठतं आणि दुपारच्या उन्हात पुन्हा तापतं. पचन मंदावतं, खाणं तसंच पडून राहतं, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. वर आपण पाणी बदलतो ते थेट नळाचं. गच्चीवरच्या टाकीतून ते पहाटे बर्फासारखं येतं, दुपारी हात भाजेल असं.

माझं आजोळ कर्जतकडचं. तिथे पहिल्या जोरदार पावसात वलगण चढते. गाभोळीनं फुगलेले मासे नदी सोडून ओहोळानं उलटे वर, भातखाचरांत येतात. लोक ते पकडून खातात, लहानपणी मीही खाल्लेत. आता घशाखाली उतरत नाहीत. त्या उथळ पाण्यात ऊन-गारठ्याचे टोकाचे झटके नसतात आणि पिल्लांना लागणारे बारीक जीव भरपूर असतात. हे खाणं वेळेवर मिळायलाच हवं. रोहू-कटल्याची अंडी २७ ते ३१ अंशांना १४ ते १८ तासांत फुटतात आणि पिल्लाच्या पोटाला चिकटलेली बलकाची शिदोरी जेमतेम तीन दिवस पुरते. पण पावसानं मधेच आठवडाभर दडी मारली की खाचरं डबक्यांसारखी तापतात आणि पिल्लं बोटाएवढी, म्हणजे बोटुकली होण्याआधीच सगळं संपतं. १९५७मध्ये आपल्याकडे इंजेक्शन देऊन रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांची अंडी काढायचं तंत्र जमलं, तरी त्यांच्या बीजाचा, म्हणजे बारक्या पिल्लांचा मुख्य हंगाम अजून पावसाळाच आहे.

गप्पी काही पावसाची वाट बघत नाही, ती बारा महिने विते. पण माझी पिल्लं सर्वांत जास्त जगतात ती जुलै-ऑगस्टमध्येच. तेव्हा आमच्या गॅलरीत रात्र आणि दुपार यांत दोनेक अंशांचाच फरक असतो.

तर हीटर. पाच लिटरच्या भांड्यात नकोच, आपोआप बंद झाला नाही तर रस्सा होईल. त्या पैशात मोठी टाकी घ्या, ती सावकाश तापते आणि सावकाश निवते. एक थर्मामीटर घ्या. बदलायचं पाणी रात्रभर बादलीत टाकीशेजारी ठेवा, क्लोरीनही उडून जातो आणि तापमानही जुळतं. आणि तीसपैकी चार उरली म्हणता, तर आधी तिथून आई हलवा. निम्मी तिनेच खाल्ली असतील.