लहान मुलाचा लिपिड प्रोफाइल वाचताना

दादरच्या एका लॅबमधून आलेल्या, माझ्या दहा वर्षांच्या भाच्याच्या लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड (या चरबीचा एक प्रकार) १३८ मिलिग्रॅम होते आणि शेजारच्या रकान्यात '१५० पेक्षा कमी' ही मर्यादा छापलेली असल्याने घरातले सगळे निर्धास्त झाले. पण ती मर्यादा प्रौढांची आहे. १० ते १९ या वयात हा आकडा ९० च्या आत असावा, आणि १३० पासून पुढे तो जास्तच धरतात.

स्थूल मुलांत एकूण कोलेस्टेरॉल पुष्कळदा ठीकठाक दिसते; खरा बिघाड असतो तो ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) या जोडीत. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की चरबीच्या पेशींतून मेदाम्ले रक्तात सुटतात, यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल कण तयार करते, आणि त्या कणांशी होणाऱ्या देवाणघेवाणीत एचडीएल घटत जाते. (भाच्याचे ३६ होते, ४० च्या खाली म्हणजे कमीच.) गोड पेये यात भर घालतात, त्यामुळे नुसते तेल-तूप तोडून भागत नाही, हे त्याच्या आजीला पटवणे मात्र जड गेले.

ट्रायग्लिसराइड शक्यतो उपाशीपोटी तपासावे. नॉन-एचडीएलची (एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून उरणाऱ्या आकड्याची) तपासणी जेवणानंतरही चालते, आणि मुलांत ते १४५ किंवा त्याहून अधिक आल्यास उपाशीपोटी पुन्हा रक्त तपासून घेतात.