तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी मदत आली, आता आधी कोणाला देऊ?

हा प्रश्न मला वाईट काळात हमखास येतो. काम सुटलेलं असतं नाहीतर धंदा बसलेला असतो, सरकार एकदाच काहीतरी रक्कम खात्यात टाकतं आणि मग मेसेज, की ताई एवढेच आलेत, परत येतील असं वाटत नाही, कर्ज फेडू की ठेवून देऊ की घरात अडलंय ते उरकून घेऊ. मी हिशेबाचं काम करते म्हणून विचारतात. मी उलट विचारते, सगळ्यात जास्त तगादा कोणाचा आहे?

कारण पैसे तिकडेच जायला निघालेले असतात. जो रोज फोन करतो त्याचं देणं डोंगराएवढं वाटतं आणि जे गपचूप वाढतंय त्याकडे बघायला नको वाटतं.

ओळखीतल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, नात्यातल्या एकांकडून बिनव्याजी उसने घेतलेले, त्यांचा सकाळ-संध्याकाळ फोन. मदत जमा झाली तशी सगळी त्यांना देऊन मोकळं व्हायचं बाईंनी ठरवलंच होतं. इकडे मशीनची मोटर जळालेली, कापडाचे गठ्ठे तसेच पडून, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचलेली, आणि क्रेडिट कार्डावर महिन्याला शेकडा तीनने व्याज चढत होतं. शेकडा तीन ऐकायला काही वाटत नाही हो, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातं आणि दोन वर्षांत रक्कम दुप्पट. कार्डाचा मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरला की लेट फी टळते इतकंच, उरलेल्यावर व्याज चालूच. आम्ही आधी मोटर केली, कारण गठ्ठे शिवून दिले की पैसे येणार होते, मग नातेवाइकांना थोडे दिले आणि बाकीचे कधी ते तारखेसकट सांगितलं, उरलेले कार्डात. नातेवाईक रुसले, पण फोन थांबले.

म्हणून एक कागद घ्या. देणं कोणाचं, शेवटची तारीख काय, आणि नाही दिलं तर नेमकं काय होणार, हे तिसरं नीट लिहा, "प्रॉब्लेम होईल" असं मोघम नको. घर सोडावं लागेल, वीज कापतील, औषध बंद पडेल, कमाईचं साधन बंद राहील, हे वर. कोणीतरी नाराज होईल, हे खाली. ज्यांना आत्ता देता येणार नाही त्यांना तारीख उलटायच्या आधी स्वतः फोन करा, हप्ता पुढे ढकलून मिळतोय का विचारा आणि हो म्हणाले तर लेखी घ्या, ढकललेल्या काळाचं व्याज लागणार का हेही तेव्हाच विचारून घ्या.

आणि पैसे जमा व्हायच्या आधी खातं बघा. ईएमआयचं ऑटो डेबिट लावलेलं असेल किंवा खातं मायनसमध्ये असेल तर तुम्ही कागद काढेपर्यंत बँक आपले वळते करून घेऊ शकते.

काहीजण म्हणतात सरकार पैसे देतं ते खर्चायलाच, बाजार चालावा म्हणून. सरकारचा तो हेतू असतोही. पण अमेरिकेत २०२० मध्ये माणशी १२०० डॉलरपर्यंत दिले होते, त्यावर अर्थतज्ज्ञांनी लोकांना विचारलं तर सरासरी ४० टक्क्यांच्या आसपास खर्च झाले होते, बाकीचे साधारण अर्धे अर्धे शिल्लक आणि कर्जफेड. म्हणजे ठेवून दिले तर काही पाप नाही, बाजार सावरायची जबाबदारी तुमच्या एकट्यावर नाहीये.

एक मात्र नको, एकदाच आलेल्या पैशातून दर महिन्याचं काही सुरू करणं. नवीन फोनचं डाऊन पेमेंट सुटतं, पुढचे हप्ते कुठून?

हे पैसे शेअर मार्केटमध्ये घालू का, हेही विचारलंत. येत्या चार-सहा महिन्यांत लागतील असे पैसे असतील तर अजिबात नको, भाव पडलेला असताना विकायची वेळ येते. वेगळ्या खात्यात ठेवा, त्याचं एटीएम कार्ड पाकिटात नको. आणि "मदतीचा दुसरा हप्ता मिळवा" म्हणून लिंक आली तर ती उघडू नका, ओटीपी तर कोणालाच नाही.