आमची वाटचाल : बाईंचा उन्हाळी शर्ट नेमका कुणाचा

आमचं दुकान ठाकूरद्वारच्या एका गल्लीत, चाळीच्या तळमजल्यावर. वडिलांनी सुरू केलं तेव्हा पाटीवर 'जेन्ट्स टेलर' होतं, आजही तेच आहे. आत बायकांचे शर्ट जास्त शिवले जातात हे अख्ख्या गिरगावाला ठाऊक आहे, पण पाटी बदलायचं कारण दिसत नाही. आम्ही शिवतो तो शर्टच. तो कोण घालतं हा पुढचा प्रश्न.

हे वाक्य माझं नाही, बाईंचं. बाई कॉलेजात चित्रकला शिकवायच्या. १९८२च्या गिरणी संपानंतरची ती वर्षं. वडिलांचं गिऱ्हाईक लालबाग-परळपर्यंत पसरलेलं होतं, ते जवळपास आटलं होतं. अशात एका दुपारी बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, सुती साडीवर घालायला अर्ध्या बाहीचा शर्ट हवाय. ब्लाऊज नको, शर्ट." वडील म्हणाले, "आम्ही लेडीजचं शिवत नाही." त्यावर बाई म्हणाल्या, "मग जेन्ट्सचाच शिवा. तो कोण घालतं याच्याशी तुम्हाला काय करायचंय?" शेवटी माप आईने घेतलं आणि वडिलांनी पाठमोरं उभं राहून वहीत उतरवलं. गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात त्याच गल्लीतल्या दोघी तसाच शर्ट शिवायला आल्या, हेही लिहून ठेवतो.

हल्ली कुणीही सांगतं की हा शर्ट आमचा, म्हणून तो कसा घडला ते एकदा सविस्तर सांगायला हवं. बाईंचा शर्ट टेबलावर घडला नाही. तो बाईंच्या उन्हाळ्यातल्या ठिकाणांवर घडला. मार्च लागला की बाई घरी सापडत नाहीत. त्यांची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि प्रत्येक ठिकाणाहून शर्टाबद्दल तक्रार ठरलेली.

काळ्या घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय घ्या. इमारत १८७०ची, मागे बाग, वर गॅलरीत लांब हातांच्या आरामखुर्च्या. भर दुपारी तिथे पंख्याखाली पडून वाचण्यासारखं सुख दक्षिण मुंबईत नाही, असं बाई सांगतात. पण आमच्या शर्टाला पाठीच्या मधोमध चपटी चुणी होती, सगळेच शिंपी घालतात तशी. खुर्चीत तासभर रेललं की ती मणक्यावर वळ उठवायची. बाईंनी येऊन सांगितलं, "मास्तर, तुमची चुणी मला वाचू देत नाही." वडिलांनी ती मधून काढली आणि योकखाली, म्हणजे खांद्यावरच्या जोडपट्टीखाली, दोन खांद्यांकडे एकेक अशी वाटून दिली. हवा खेळायला जागा तेवढीच राहिली, मणका मोकळा झाला.

बाणगंगेच्या पायऱ्यांवर बाई चित्रं काढायला बसतात. शिलाहारांच्या काळातलं हे तळं, समुद्र हाकेच्या अंतरावर आणि पाणी मात्र गोडं. तिथे वाकलं की छातीच्या खिशातल्या पेन्सिली एकेक करून खालच्या पायरीवर जायच्या, एखादी थेट बदकांकडे. छातीवरचा खिसा गेला आणि उजव्या बाजूच्या शिवणीत एक उभा खिसा आला. पायरीवर मांडी घालून बसताना कडा ताणायची, म्हणून दोन्ही बाजूंना पाच-पाच इंचांची चीर आली.

मरीन ड्राइव्हला त्या मे महिन्यात सात वाजता जातात, सूर्य टेकतो त्या सुमाराला. त्या वाऱ्यात मीठ असतं. पितळेचा हुक किंवा प्रेसबटण दोन उन्हाळ्यांत हिरवं पडतं आणि कापडाला डाग देतं. म्हणून आमच्याकडे शिंपल्याची बटणं. महाग पडतात, पण धातूचं बटण लावा म्हणणाऱ्याला मी दुसरं दुकान दाखवतो. वाऱ्याने घेर उडू नये म्हणून खालची दुमड पाऊण इंचाऐवजी सव्वा इंच घेतो. कॉलरला बकरम, म्हणजे आतलं ताठ अस्तर, नाही. घामाने भिजलेलं बकरम मानेला कसं लागतं हे लोकलने रोज जाणाऱ्याला सांगायला नको.

पहाटेच्या फेरीसाठी पूर्वी हँगिंग गार्डन होतं. मार्च २०२५पासून तिथेच मलबार हिलच्या झाडीतून नेलेली ४८५ मीटरची लाकडी उंच पायवाट झाली आहे. पंचवीस रुपये तिकीट, वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. बाई पहिलीच वेळ घेतात, पाचची. झाडी आली की डास आले, त्यामुळे बाही कोपराच्या दोन बोटं खाली. बाई परत येतात तेव्हा गल्लीत दूधवाले फिरत असतात आणि बाईंचा शर्ट इस्त्रीतून काढल्यासारखा असतो. लोकांना ही ऐट वाटते. ती ऐट आहेच, पण तिच्याखाली आमची शिलाई आहे.

आणि क्रॉफर्ड मार्केट. एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्या उघडतात तेव्हा बाई देठाशी नाक नेऊन आंबा निवडतात, मग समोर बादशहात जाऊन फालुदा. आंब्याच्या देठाचा चीक पांढऱ्या मलमलीवर पडला तर तो डाग शर्टासोबतच जातो. म्हणून बाईंचा बाजाराचा शर्ट वेगळा, मोहरी रंगाचा. दादरला प्रकाशचं पियुष प्यायला मात्र त्या जात नाहीत. दादर त्यांना परगाव वाटतं. गिरगावकरांना हे समजावून सांगायची गरज नाही.

इथे न विचारता थोडं सांगतो. मुंबईचा उन्हाळा नागपूरसारखा नाही. तिथे ऊन मारतं, इथे घाम मारतो. दुपारी खारे वारे सुटले की जीव जरा थाऱ्यावर येतो. पूर्वेचं वारं जोरात असेल तर खारे वारे उशिरा येतात आणि त्याच दिवशी पारा चाळिशीकडे सरकतो. अशा दिवशी दुपारी एकच्या आत जहांगीर आर्ट गॅलरीत शिरावं, प्रवेश फुकट आहे, चित्रंही बघून होतात. उन्हाळी शर्टाला खळ घालू नये, खळीचं कापड घाम पीत नाही. अंगालगत टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सूत, नको, मग ते कितीही 'सुतासारखं' दिसो. आणि सुती कापड विकत घेतलं की रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, मगच शिंप्याकडे आणा. सूत ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या बाजूने जास्त आटतं, म्हणजे शर्ट उंचीला तोकडा होतो आणि शिव्या शिंप्याला बसतात. मंगळदास मार्केटातला विक्रेता 'आटणार नाही' म्हणाला तरी भिजवा.

वडिलांच्या काळातल्या दोन वस्तू अजून चालू आहेत. एक मेरठची बारा इंची कात्री. तिच्या अंगठ्याच्या कडीला आतून वडिलांनी सुती पट्टी गुंडाळली होती, ती मी बदलत आलो, कात्री नाही बदलली. तिने कागद कापायला घेतला तर मी माझ्या मुलीलाही बोलतो. दुसरी 'उषा'चं पायमशीन. नवी 'जुकी' आहे, भरभर चालते, पण मलमल तिच्याखाली गोळा होते. मलमल पायमशीनवरच, इंचाला चौदा टाके, कडा आत दडवलेली दुहेरी शिवण. ओव्हरलॉकचा, म्हणजे मशीनने कडेला गुंडाळलेला दोरा घामात टोचतो. शर्ट उलटा करून आतून बघावा, शिंपी कळतो.

आता समोरच्यांबद्दल. नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही.

काचेचं दार, एसी, पिवळे दिवे आणि ट्रायल रूममध्ये अत्तर असं दुकान आमच्यापासून चार पावलांवर उघडलं. उघडलं त्याचं दुःख नाही, गल्ली काही आमच्या वडिलांची नाही. पण उघडण्याआधी त्यांनी आमचा कटिंग मास्तर नेला. वडिलांच्या हाताखाली पोरगा म्हणून काज करायला आलेला माणूस, त्याला कात्री आम्ही दिली. दुप्पट पगार सांगितला असेल, मी कोण अडवणारा? तो अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शनिवारी गेला, लग्नाची सगळी कामं टेबलावर कापलेली असताना. सोमवारी मी कपाट उघडलं तर पुठ्ठे, म्हणजे कापड बेतायचे कागदी साचे, नव्हते. योक, बाही, कॉलर, पाठ, तीस वर्षांचे पुठ्ठे खिळ्याला ओवून टांगलेले असायचे. नुसता खिळा राहिला होता. मापाची वहीही नव्हती. कुणी नेली हे मी म्हणत नाही. वही गेली, आणि महिन्याभरात आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना समोरच्या दुकानातून वाढदिवसाचे फोन जायला लागले, एवढंच म्हणतो. वाढदिवस त्या वहीत लिहिलेले असायचे.

तो उन्हाळा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. लग्नाचे कपडे मी आणि एक कारागीर रात्री बसून पुरे केले. काही उशिरा गेले, काहींनी पैसे दिले नाहीत, एका घराने भर गल्लीत ऐकवलं. दोन मशीनं विकली. बायको घरी काज-बटण करायची, दिवसभर नोकरी करून. जागेला भाव येतोय असं सांगायला एक दलाल दर गुरुवारी यायचा. समोर मात्र आमचाच शर्ट हँगरला लटकत होता, किंमत तिप्पट आणि बाजूला इंग्रजीत चिठ्ठी.

आणि तरी तो आमचा शर्ट नव्हता. पुठ्ठा नेला की शर्ट येतो असं ज्यांना वाटतं, त्यांना हा धंदा कळलेला नाही. बाईंचा पुठ्ठा दर वर्षी पेन्सिलीने थोडा बदललेला असायचा, कुठे पाव इंच आत, कुठे दोराभर बाहेर, आणि त्या खुणा फक्त वडिलांना आणि मला वाचता यायच्या. त्यांनी बाहेरची रेघ धरून कापलं. पाठीवरच्या चुण्या त्यांनी पुन्हा मधोमध आणल्या, 'तसं बरं दिसतं' म्हणून.

पण पुठ्ठा मलाही हवा होता. बाई एका संध्याकाळी आल्या, पिशवीतून स्वतःचा नऊ-दहा वर्षांचा जुना निळा शर्ट काढला आणि टेबलावर टाकला. "हा उसव." मी म्हटलं, "बाई, हा अजून चांगला आहे." "चांगला आहे म्हणूनच सांगतेय. फाटका उसवून तुला काय मिळणार?" मी ब्लेडने एकेक टाका सोडवला. बाहेरून तो शर्ट धुऊन धुऊन आकाशी झाला होता, पण शिवणीच्या आत, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे करंगळीच्या रुंदीची पट्टी पहिल्या दिवसाची गर्द निळी होती. त्या गर्द पट्टीमुळे शिवणीचं माप सूत न सूत कळलं. तुकडे भिजवले, ताणा सरळ करून खाकी कागदावर पसरले, कडेकडेने खडू फिरवला. दुकानातला पहिला पुठ्ठा परत त्या रात्री झाला. बाकीचे सगळे त्याच्यावरून. बाईंना त्याच कापडाचा नवा शर्ट मी फुकट शिवून दिला, तर त्यांनी पैसे बायकोच्या हातात दिले आणि मला सांगितलं की फुकट शिवणारा शिंपी उशीर करतो.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. २०२०चा पाडवा लॉकडाऊनमध्ये गेला, मास्क शिवले, असो.

मग गेल्या मे महिन्यात एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत बाई झळकल्या. 'मुंबईतली उन्हाळ्यातली आवडती ठिकाणं' असं काहीसं. वर लिहिलीत तीच ठिकाणं, अर्ध्या पानाचा फोटो, ससूनच्या गॅलरीत बाई, अंगात आमचा मोहरी शर्ट. लेखात तळ्याचं नाव, फालुद्याचं नाव, ग्रंथालयाच्या इमारतीचं सालसुद्धा. शर्टाबद्दल दोन शब्द, 'सैलसर सुती'. शिंप्याचं नाव नाही. बाईंनी सांगितलं होतं, छापणाऱ्याने काढलं. तेही चाललं असतं. चौथ्या दिवशी तो फोटो समोरच्यांच्या काचेत फ्रेम करून लागला आणि खाली ओळ, 'हा शर्ट आमच्याकडे मिळेल'.

मी जाऊन विचारलं. मॅनेजर म्हणाला, "आम्ही कुठे म्हटलंय की तो आम्ही शिवलाय? मिळेल म्हटलंय." बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे, तुला शर्ट शिवायचेत की पंचनामा करायचाय?" दुसऱ्या दिवशी मात्र त्या स्वतः त्या दुकानात गेल्या, एक शर्ट मागितला, पाठ बघितली आणि सेल्समनला विचारलं की या चुणीवर ससूनच्या खुर्चीत दोन तास बसून दाखवतोस का. फोटो अजून काचेतच आहे. उन्हाने पिवळा पडत चाललाय.

तर ज्यांना बाईंसारखा शर्ट हवा आहे त्यांच्यासाठी. एप्रिलमध्ये येऊ नये, तेव्हा मी 'नाही' म्हणतो आणि लोकांना राग येतो. माप माघात द्यावं. कापड भिजवून आणावं. ४४ पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी ४४ इंच असेल तर अर्ध्या बाहीला दोन मीटर पुरतात, कुणी अडीच सांगितलं तर उरलेलं कुठे जातं ते विचारावं. रंग निवडायला येताना आपण उन्हाळ्यात कुठे कुठे जातो ते आठवून यावं, मी विचारणार आहे. ट्रायल एकच, पण बसून, वाकून, हात वर करून द्यावी लागते. शिलाई फोनवर सांगत नाही. रविवारी बंद.

समोरच्या दुकानातल्या शर्टाची चुणी बदलून देणार का, असं विचारत मागच्या जूनमध्ये बरेच जण आले होते. देत नाही.